अपुऱ्या कथेची येणे-बाकी

१३ एप्रिल २०१६ रोजी ‘होमस्टक’ नावाची एक अमेरिकन चित्रकथा संपली. ती कोणत्याही नियतकालिकात छापली जात नव्हती. संगणकाच्या पडद्यावर कधी दिवसाला एक पान, कधी दहा पाने, तर कधी महिनोन्‌महिने काहीच नाही, अशा चालीने ती बरोबर सात वर्षे प्रसिद्ध होत राहिली. अशा चित्रकथेला आज वेबकॉमिक म्हणतात. अखेरच्या दिवशी सुमारे नऊ मिनिटांचे एक निःशब्द चलच्चित्र वाचकांपुढे आले. त्यात पात्रे एका दारापाशी जमली, दार उघडले आणि कथा थांबली. सात वर्षे तिच्यामागून चालत आलेल्या असंख्य तरुण वाचकांच्या मनात त्या क्षणी एकच प्रश्न उभा राहिला: मग बाकीच्याचे काय झाले?

व्यापारी घरात ‘बाकी’ या शब्दाचे वजन वेगळे असते. वर्षाखेरीस वह्या मिटण्यापूर्वी खतावणीतील एकेक खाते पाहिले जाते. जे चुकते झाले त्याच्याखाली रेघ मारली जाते, जे राहिले ते नव्या वहीत ओढून घेतले जाते. रक्कम लहान आहे म्हणून ती कोणी विसरत नाही, कारण रकमेइतकीच ती दिलेल्या शब्दाचीही नोंद असते. कथा वाचणाराही मनातल्या मनात अशीच एक खतावणी ठेवीत असतो. कोणत्या पात्राने कोणते वचन दिले, कोणते पत्र अद्याप उघडले गेले नाही, कोणाची कोणाशी भेट व्हायची राहिली, याची नोंद तो नकळत करीत जातो. ही खाती कथाकाराने उघडली आहेत, तेव्हा ती मिटवणेही त्याच्याकडेच, असा वाचकाचा भरवसा असतो. तो भरवसा ढळला की वाचकाला रसभंगाच्या दुःखाबरोबर फसवले गेल्याची बोचही लागते. ही बोच कितपत न्याय्य आहे? कथाकार वाचकाचे खरोखर काही देणे लागतो काय? ‘होमस्टक’च्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार करणे उपयुक्त ठरेल, कारण या एका कथेत प्रेम, परिश्रम, पैसा आणि दिलेला शब्द या चारही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

अँड्र्यू हसी यांनी ही कथा १३ एप्रिल २००९ रोजी सुरू केली. जॉन नावाच्या मुलाचा त्या दिवशी तेरावा वाढदिवस असतो. त्याच्या हाती एक संगणकीय खेळ येतो आणि तो खेळ सुरू होताच आकाशातून पृथ्वीवर उल्का कोसळू लागतात. रोझ, डेव्ह आणि जेड हे त्याचे तीन स्नेही. चौघे चार ठिकाणी राहतात, एकमेकांना प्रत्यक्ष कधी भेटलेले नाहीत, आणि त्यांचा सारा स्नेह पडद्यावर लिहिलेल्या संभाषणातून वाढलेला आहे. जुने जग मोडून नवे विश्व घडवणे हा त्या खेळाचा खरा हेतू आहे, हे त्यांना हळूहळू उमगते. पुढे दुसऱ्या ग्रहावरची बारा पात्रे येतात, काळाचे प्रवाह फुटतात, एका प्रवाहात मेलेले पात्र दुसऱ्या प्रवाहातून परत येते. चित्रे, चलच्चित्रे, संगीत, मध्येच खेळता येणारे लहान लहान खेळ, आणि संभाषणांची पानेच्या पाने, असा हा प्रपंच वाढत वाढत आठ हजारांहून अधिक पाने आणि सुमारे आठ लाख शब्द इतका झाला.

आरंभी या कथेची एक विशेष रीत होती. पात्राने पुढे काय करावे, हे वाचकांनी सुचवायचे आणि त्यांतील एखादी सूचना घेऊन हसी यांनी पुढचे पान रेखाटायचे. सूचनांची संख्या अनावर झाल्यावर ही रीत मागे पडली, परंतु तिने लावलेली सवय मागे पडली नाही. वाचकांना आपण या कथेचे श्रोते नसून भागीदार आहोत असे वाटू लागले होते, आणि त्याला आधारही होता. कथेसाठी लागणारे संगीत रचणाऱ्या मंडळींत वाचकांमधून पुढे आलेले हौशी संगीतकार होते. शेकडो तरुण पात्रांसारखे पोशाख शिवून मेळाव्यांना जात. कोणी पात्रांची चित्रे काढी, कोणी न दाखवलेल्या प्रसंगांवर कथा लिही. भागीदारीचा कागद मात्र कोठेही झाला नव्हता. कोणाचा वाटा किती, कोणी केव्हा बाहेर पडावे आणि हिशेब कसा मिटवावा, यांपैकी काहीच ठरलेले नव्हते. अशा अलिखित भागीदारीतच पुढचा कलह दडलेला असतो, हे कोणत्याही बाजारपेठेत वावरलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

या काळाचे माप वाचकाच्या वयाने घेतले तर त्याच्या दुःखाचा अर्थ अधिक कळतो. २००९ मध्ये जो वाचक जॉनइतकाच तेरा वर्षांचा होता, तो २०१६ मध्ये वीस वर्षांचा झाला. शाळा संपली, मिसरूड फुटले, घर सोडून दूरच्या महाविद्यालयात राहणे आले, पहिली मैत्री तुटली आणि दुसरी जुळली. या साऱ्या काळात एक गोष्ट त्याच्या सोबतीला होती. ऑक्टोबर २०१३ पासून सुमारे एक वर्ष कथा थांबली, तरी तो थांबला. पुढे अखेरच्या टप्प्यापूर्वी पुन्हा एकदा दीर्घ विराम आला, तरी तो थांबला. सात वर्षे कोणत्याही माणसाची वाट पाहणे ही लहान गोष्ट नव्हे. तेराव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंतची सात वर्षे तर माणूस घडण्याची वर्षे असतात.

आणि मग शेवट आला. कथेतील मुख्य खलनायकाविरुद्ध वापरायचे अस्त्र कित्येक वर्षे पानांपानांतून सूचित केले गेले होते. व्रिस्का नावाच्या पात्राच्या हातून ते अखेरीस उघडले गेले. त्याने खलनायकाचा नाश झाला की नाही, हे मात्र दाखवलेच नाही. जी पात्रे तीन वर्षांच्या प्रवासात एकमेकांशी भांडली, खचली आणि पुन्हा उभी राहिली, त्यांची ती कालरेषाच कथेने मध्येच बदलून टाकली होती. त्यामुळे अखेरीस दारातून आत जाणारी पात्रे नावाने तीच असली, तरी वाचकांनी ज्यांचे अश्रू पाहिले होते ती ही नव्हती. ज्या दोघांनी एकमेकांची क्षमा मागायला हवी होती ते समोरासमोर आले नाहीत. दोन ओळींचे बोलणेही पुरले असते, असे अनेकांना वाटले. परंतु शेवट निःशब्द होता.

वाचकांच्या प्रतिक्रिया तीन वाटांनी गेल्या. काहींना संताप आला. सात वर्षे घेतली आणि हिशेब न देता दुकान बंद केले, असा त्यांचा सूर होता. काहींनी त्या अपुरेपणातच अर्थ शोधला. ही पात्रे एका क्रूर खेळात आणि तितक्याच क्रूर कथानकात अडकलेली होती, कथानकाच्या तावडीतून सुटणे हाच त्यांचा विजय, आणि सुटलेल्या माणसाच्या मागे प्रेक्षकाने जाऊ नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. तिसऱ्या वर्गाने वाद घातला नाही. त्यांनी लेखणी आणि कुंचला हाती घेतला आणि ज्या भेटी राहिल्या होत्या त्या आपल्या हाताने घडवून आणल्या. एकाच अपुऱ्या कथेने कोणाला फिर्यादी केले, कोणाला भाष्यकार केले आणि कोणाला कथाकार केले.

फिर्यादीची बाजू ऐकताना पहिला आक्षेप सहज सुचतो. ही कथा वाचण्यासाठी कोणी दमडीही मोजलेली नव्हती. जे फुकट मिळाले त्याबद्दल तक्रार कसली? हा आक्षेप वरवर सयुक्तिक वाटतो, पण तो पुरता खरा नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये याच कथेवर आधारलेला एक संगणकीय खेळ तयार करण्यासाठी हसी यांनी लोकांकडे जाहीर वर्गणी मागितली. मागणी ७ लाख डॉलरची होती. महिन्याभरात जमले ते सुमारे २४ लाख ८५ हजार डॉलर, आणि देणाऱ्यांची संख्या चोवीस हजारांहून अधिक होती. त्यांत अनेक जण खिशातल्या पैशांतून देणारे विद्यार्थी असणार. खेळ २०१४ मध्ये हाती देण्याचा बेत होता. त्याचा पहिला भाग सप्टेंबर २०१७ मध्ये आला आणि दुसरा नोव्हेंबर २०२० मध्ये. चार भागांत पूर्ण व्हायचा तो खेळ त्यानंतरही प्रतीक्षेतच राहिला.

येथे दोन वह्या वेगळ्या कराव्या लागतात. इसार घेऊन माल देण्याचा शब्द दिला, तर तो व्यवहार झाला. त्याला मुदत असते, विलंबाचे कारण सांगावे लागते, आणि माल देणे अशक्य झाले तर इसाराचा विचार करावा लागतो. त्या वहीत वाचकाचे येणे खरे आहे आणि त्याची आठवण करून देण्यात काहीही गैर नाही. याउलट कथा ही विक्रीचा माल म्हणून मांडली गेली नव्हती. ती दिली गेली आणि घेतली गेली. तिच्या बदल्यात वाचकाने वेळ दिला, जिव्हाळा दिला, आपल्या कोवळ्या वयाचा एक तुकडा दिला. हे देणे मोठे आहे, परंतु ते कर्ज म्हणून दिलेले नव्हते. म्हणून त्याची वसुलीही होऊ शकत नाही. ‘होमस्टक’च्या वाचकांच्या संतापात या दोन्ही वह्यांची पाने एकमेकांत मिसळली. खेळाच्या विलंबाचा राग कथेच्या शेवटावर निघाला आणि कथेच्या शेवटाचा राग माणसांवर निघाला.

हा पेच इंटरनेटने प्रथम निर्माण केला असे मात्र नाही. चार्ल्स डिकन्स आपल्या कादंबऱ्या मासिक हप्त्यांनी प्रसिद्ध करीत असत. ‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’ या त्यांच्या अखेरच्या कादंबरीचे बारा हप्ते व्हायचे होते आणि प्रत्येक हप्त्याची किंमत एक शिलिंग होती. एप्रिल १८७० पासून हप्ते निघू लागले आणि ९ जून १८७० रोजी डिकन्स यांचे निधन झाले. लिहून झालेले सहाच हप्ते वाचकांच्या हाती पडले. एडविन नाहीसा झाला, एवढेच त्यातून कळते. त्याचा खून झाला की नाही, झाला असल्यास कोणी केला, हे कोडे कायमचे राहिले.

या प्रकरणातील एक गोष्ट व्यापारी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. या कादंबरीच्या करारनाम्यात डिकन्स यांनी स्वतः आग्रह धरून एक कलम घालून घेतले होते. लेखन पूर्ण होण्यापूर्वी मृत्यू आला किंवा लिहिणे अशक्य झाले, तर अपुऱ्या राहिलेल्या भागाबद्दल प्रकाशकाला किती रक्कम परत करावी, हे त्यांचे स्नेही जॉन फॉर्स्टर यांनी मध्यस्थ म्हणून ठरवावे, अशी ती तरतूद होती. त्यांच्या पूर्वीच्या करारांत असे कलम नव्हते. प्रकृती ढासळत चाललेल्या त्या माणसाने मृत्यूची शक्यता आपल्या हातांनी करारात लिहून ठेवली, म्हणजे मागे राहणाऱ्यांवर संशयाची छाया पडू नये. पैशाच्या वहीपुरते त्यांनी सारे चोख केले. कथेच्या वहीला मात्र असे कलम जोडता येत नाही. एडविनचे काय झाले हे कोणताही मध्यस्थ ठरवू शकत नव्हता.

मग वाचकांनी काय केले? त्यांनी त्या कोड्याला दीडशे वर्षे जिवंत ठेवले. जानेवारी १९१४ मध्ये लंडनमध्ये डिकन्सप्रेमींनी कादंबरीतील संशयित जॉन जॅस्पर याच्यावर लुटुपुटूचा खटला भरला. न्यायाधीशाच्या आसनावर जी. के. चेस्टरटन होते आणि पंचांचे प्रमुख होते जॉर्ज बर्नार्ड शॉ. पंचांनी आरोपीला सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवले, आणि चेस्टरटन यांनी स्वतःला वगळून उपस्थित सर्वांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी ठरवून त्या नाट्यावर पडदा टाकला. पुढे १९८५ मध्ये रुपर्ट होम्स यांनी याच कादंबरीवर एक संगीत नाटक रचले. त्यात खुनी कोण हे प्रेक्षकांच्या मतदानाने ठरते आणि त्यानुसार त्या रात्रीचा शेवट सादर होतो. वसूल न होणारी बाकी रसिकांनी अशी उत्सवात परिवर्तित केली.

चित्रकथेच्या क्षेत्रातील आणखी एक उदाहरण अलीकडचे आहे आणि ते अधिक गंभीर आहे. जपानचे चित्रकार केंतारो मिउरा यांची ‘बर्सर्क’ ही युद्धकथा १९८९ पासून सुरू होती. ६ मे २०२१ रोजी वयाच्या ५४ व्या वर्षी त्यांचे आकस्मिक निधन झाले आणि तीन दशके चाललेली कथा मध्येच थांबली. शालेय वयापासूनचे त्यांचे मित्र कोउजी मोरी हे स्वतःही चित्रकथाकार आहेत. फार वर्षांपूर्वी मिउरा यांनी त्यांना कथेचा पुढचा सारा ओघ, अगदी शेवटापर्यंत, तोंडी सांगितला होता. जून २०२२ मध्ये मोरी यांनी पुढची जबाबदारी स्वीकारली. मिउरा यांचे शिष्य चित्रे काढणार होते आणि मोरी त्यांना मार्ग दाखवणार होते. त्या वेळी मोरी यांनी वाचकांना जे सांगितले त्याचा आशय असा होता: मित्राने जे सांगितले तेवढेच लिहिले जाईल, जे स्पष्ट आठवत नाही ते लिहिले जाणार नाही, पदरचे काही घातले जाणार नाही.

ठेव सांभाळणाऱ्या विश्वस्ताची ही भाषा आहे. ठेवीला हात लावायचा नाही, तिच्यात आपली भर घालून ती फुगवायची नाही, आणि मालकाच्या पश्चात ती ज्यांची आहे त्यांच्या हाती पोहोचवायची. मोरी यांच्या हातून येणारी कथा मिउरा यांच्या हातच्या कथेसारखी असणार नाही, हे वाचकांना ठाऊक होते. तरीही अनेकांनी तिचे कृतज्ञतेने स्वागत केले. आपण जे मागत होतो तो शेवट आहे, की शेवटाविषयीची सचोटी आहे, याचे उत्तर त्यांना त्या निवेदनात मिळाले असावे.

‘होमस्टक’च्या बाबतीत मात्र कथाकार हयात होता, म्हणून मागणी थांबत नव्हती. आणि ती मागणी अंशतः पूर्णही झाली. ऑक्टोबर २०१६ मध्ये एक लहानसे चलच्चित्र आले, त्यात नव्या जगात स्थिरावलेल्या पात्रांची ओझरती दर्शने होती. एप्रिल २०१९ मध्ये गद्य स्वरूपातील दीर्घ उपसंहार आला. त्यात कथा दोन वाटांनी पुढे नेली होती. एका वाटेवर जॉन जुन्या शत्रूशी लढायला निघतो, दुसऱ्या वाटेवर तो मागेच राहून संसार मांडतो. वाचकांना वाटले होते की आता सारी खाती मिटतील. प्रत्यक्षात दोन्ही वाटांवर त्यांना आपली लाडकी पात्रे थकलेली, कडवट झालेली, एकमेकांना दुखावणारी अशी भेटली. शेवट नाही म्हणून जे रडले होते, त्यांतील अनेक जण शेवट मिळाला म्हणून अधिक दुःखी झाले. त्यानंतर ऑक्टोबर २०१९ मध्ये पुढची कथा सुरू झाली, ती डिसेंबर २०२० मध्ये थांबली, आणि २०२३ मध्ये दुसऱ्याच हातांनी पुन्हा हाती घेतली.

तगाद्याने वसूल केलेल्या रकमेत कधी कधी खोटी नाणी येतात, तशातला हा प्रकार म्हणता येईल. पण तसे म्हणणे कथाकारावर अन्याय करणारे होईल. कदाचित उपसंहार जे सांगत होता ते खरेच होते: तेरा वर्षांची मुले मोठी होतात, थकतात, चुकतात. वाचकाला ते ऐकायचे नव्हते, कारण त्याची मागणी मुळात कथेविषयी नव्हतीच. त्याला आपले तेरावे वर्ष परत हवे होते. ते कोणत्याही कथाकाराच्या तिजोरीत नसते.

या साऱ्या हिशेबात एक बाजू नेहमी लिहायची राहून जाते, ती जमेची. ‘होमस्टक’ला संगीत देणाऱ्या हौशी तरुणांत टोबी फॉक्स होते. त्यांनी पुढे ‘अंडरटेल’ नावाचा खेळ रचला. तो सप्टेंबर २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. त्यातील सर्वांत परिचित झालेली सुरावट त्याआधी ‘होमस्टक’मध्येही वाजली होती. दुसरी गोष्ट अशी की, ही कथा ज्या फ्लॅश नावाच्या तंत्रावर उभी होती ते तंत्र ३१ डिसेंबर २०२० पासून बंद करण्यात आले. तिची चलच्चित्रे आणि खेळ मूळ रूपात उघडणेच अशक्य होण्याची वेळ आली. त्या वेळी वाचकांनीच पुढाकार घेऊन सारी पाने, संगीत, चलच्चित्रे आणि खेळ एकत्र केले आणि इंटरनेटशिवायही मूळ स्वरूपात वाचता येईल असा एक संपूर्ण संग्रह सिद्ध केला. या कामाचे वेतन कोणी दिले नाही. ज्या कथेने त्यांचे समाधान केले नव्हते, तीच त्यांनी पुढच्या पिढीसाठी जतन केली.

घरातील वडीलधाऱ्यांना हे सारे दूरचे वाटणे स्वाभाविक आहे. परदेशी चित्रकथेतील काल्पनिक मुलांसाठी घरातला मुलगा किंवा मुलगी जेवणाच्या ताटावर गप्प बसते, तेव्हा ‘गोष्टच ती, त्यात एवढे काय’ असे शब्द सहज तोंडून निघतात. परंतु मराठी कादंबरीही हप्त्याहप्त्यानेच वाढली. हरिभाऊ आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ सुरू केले आणि त्यातून आपल्या कादंबऱ्या क्रमशः दिल्या. आठवडाभर पुढच्या अंकाची वाट पाहणारी घरे तेव्हाही होती, आणि त्या घरांतील माणसे पेढीवर बसून चोख हिशेब लिहिणारीही असत. वाट पाहण्याची ती रीत नातवंडांच्या हातातील पडद्यावर आली आहे, इतकेच. म्हणून अशा वेळी त्या मुलाला कथेविषयी दोन प्रश्न विचारावेत. कोणाचे काय व्हायचे राहिले, आणि तुझ्या मते काय व्हायला हवे होते, हे ऐकून घ्यावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना तो स्वतःविषयी बरेच काही सांगून जाईल. पैसे देऊन शब्द घेतला असेल, तर तो शब्द कसा मागावा हेही त्याला त्याच बैठकीत शिकवता येईल. मागणी स्पष्ट असावी, नोंद ठेवावी, आणि भाषा सभ्य असावी. जेथे केवळ जिव्हाळा दिला आहे, तेथे मात्र तगादा लावू नये, हे त्याने घरच्या वागण्यातूनच पाहिलेले बरे.

अपुऱ्या कथेच्या दुःखाला या भूमीतही फार जुना आधार आहे. सातव्या शतकात बाणभट्टाने संस्कृतात एक गद्यकथा रचावयास घेतली आणि ती पूर्ण होण्यापूर्वीच तो गेला. त्याचा पुत्र भूषणभट्ट याने ती पुरी केली. आपण हे काम का हाती घेतले, याचे कारण त्याने आरंभीच नोंदवून ठेवले आहे. कवित्वाच्या अभिमानाने आपण लिहीत नसून, कथा अपुरी राहिल्याने सज्जनांना झालेले दुःख पाहून लिहीत आहोत, असा त्याचा भाव आहे. तेराशे वर्षांपूर्वीच्या त्या वाचकांची नावे कोणालाही ठाऊक नाहीत. त्यांना दुःख झाले होते, एवढीच त्यांची नोंद उरली आहे. त्या कथेचे नाव ‘कादंबरी’. पुढे मराठीने दीर्घ कथेसाठी शब्द शोधला तेव्हा तो याच ग्रंथाच्या नावातून घेतला. आजही पुस्तकांच्या दुकानात जाऊन कोणी कादंबरी मागतो, तेव्हा वडिलांच्या हातून अपुरी राहिलेल्या आणि मुलाने पुरी केलेल्या त्या एका कथेचेच नाव तो घेत असतो.